उजव्या बाजूची लिंक

रोडपाली
मंगळवार, ३ फेब्रुवारी २०२६

प्रिय नंद्या,

शनिवारी दुपारी तू उलट्या बादलीवर बसून "अनुष्का हो म्हणाली" असं म्हणालास आणि माझ्यापुरतं सगळं तिथेच फिरलं. बाकी ठीक. तूही ऑफिसात मजेत असशील. काकूंची तब्येत छान आहे. त्यांनी चहा दिला, पोहे दिले, आता जेवूनच जा म्हणतायत. गाडीची किल्लीही त्यांनीच दिली. "तुझ्याच हातची गाडी, मला काय विचारतोस?" म्हणाल्या. तुमच्या घराखालच्या गॅरेजमध्ये बसून हे लिहितोय.

मेसेज केला असता, पण तो वाचता वाचता तू फोन लावला असतास, आणि फोनवर मला खोटं बोलता येतं.

आधी कामाचं. गाडी आता नीट आहे. म्हणजे शनिवारी नीट नव्हती.

शनिवारी मी तुला शिकवणीच्या सरांसारखं समजावत होतो, आठवतं? उंची कमी करून गाडी खाली बसवली की दांड्याला चाकाशी जोडणारी कंपनीची लिंक लांब पडते आणि वळणावर गाडी सावरणारा तो आडवा दांडा तिरका ओढला जातो. म्हणून ही लांबी कमीजास्त करता येणारी लिंक. ती बसवताना चाकं हवेत लोंबत ठेवायची नाहीत. गाडी फळ्यांवर चढवायची, तिला तिच्या वजनानं बसू द्यायचं, मग लांबी अशी जुळवायची की बोल्ट नुसत्या बोटानं आत जाईल. डावीकडे तसाच गेला. तू म्हणालास, "अरे, हा तर स्वतःहून गेला." मी भाव खाल्ला.

मग तू ते बोललास.

उजवीकडचा बोल्ट बोटानं जात नव्हता. लिंक जराशी फिरवायची होती, इतकंच. मी पहार घातली आणि ठोकून बसवला. तू विचारलंस, "इतकं ठोकायचं असतं?" मी म्हटलं, "गाडी तुला कळते का मला?" तू हसलास. तुला वाटलं, विशू नेहमीसारखा तापलाय.

तुझ्या सेक्टरच्या तोंडाशी तो उंच स्पीडब्रेकर आहे ना. पोट घासू नये म्हणून तू आम्हाला उतरवायचास, "चला, वजन कमी करा." तू गाडी तिरकी करून मुंगीसारखी पुढे काढायचास, आणि मी न् अनुष्का कडेकडेनं चालत जायचो. "गाडी घेतलीस का पाट?" असं ती तुला ओरडायची आणि माझ्याकडे बघून हसायची. माझं प्रेम म्हणजे तेवढंच, स्पीडब्रेकरपुरतं. गाडी अजून खाली बसव म्हणून मी तुझ्या मागे का लागलो होतो, ते आता तुला कळेल. खाली बसली की जास्त ठिकाणी उतरावं लागतं.

आणि तुला हे कधीच दिसलं नाही? रोज सोबत असून? तू इतका आंधळा कसा रे?

नाही, हे वाचू नकोस. मी तिला काही बोललो नाही, तुला काही बोललो नाही. तुला दिसणार कुठून.

आता नटाचं. उजवीकडचा नट मी हातानं फिरवला आणि पान्यानं आवळायचा राहिला. गडबडीत विसरलो, असं लिहायचं ठरवून बसलो होतो. विसरलो नव्हतो. पाना हातात होता. मनात आलं, राहू दे असाच. आत नायलॉनची कडी असते, लगेच गळत नाही. सुटला तरी गाडी काही उलटत नाही, वाजेल, कलेल. तिच्यासमोर वाजू दे याची गाडी. मला तेवढंच हवं होतं. पण सुटलेली लिंक ब्रेकच्या पाइपापाशी लोंबते, हेही मला माहीत होतं. ते मी मनात येऊ दिलं नाही.

आणि एवढ्यावर थांबलं असतं तरी मी तुला तोंड दाखवलं असतं.

रविवारी तुम्ही नेऱ्याला पोपटीला गेलात, मडक्यात शेंगा-अंडी भाजायला. तिथून तुझा फोन आला. "विशू, उजवीकडून टकटक येतेय. वळणावर कलल्यासारखीही वाटते. काय करू?" मला एकच वाक्य बोलायचं होतं, गाडी तिथेच ठेव, मी येतो. मी म्हटलं, "नवीन आहे, बसेल." तू म्हणालास, "तू म्हणतोस म्हणजे बसेल." मागून अनुष्काचा आवाज आला, "विशूला सांग, त्याच्या शेंगा बाजूला काढल्यात. अंडं मात्र स्वानंदनं खाल्लं."

तुम्ही त्याच गाडीनं परत आलात. तोवर मी फोन हातात धरून बसलो होतो. लावला नाही. मग तूच डबा घेऊन दारात आलास, राखेचा वास येत होता तुझ्या शर्टाला. तू गेल्यावर मी त्या शेंगा खाल्ल्या. चवीनं खाल्ल्या, नंद्या. त्याची जास्त लाज वाटते.

आज वाकून पाहिलं तर नट शेवटच्या आट्यावर होता. येत्या शनिवारी तुम्ही काकूंना आणि अनुष्काच्या आईला घेऊन घाटातून साताऱ्याला जाणार आहात.

लांबी नव्यानं जुळवली. बोल्ट बोटानं गेला. नवा नट टाकून पूर्ण आवळला आणि त्याच्यावर पांढरी रेघ ओढली. रेघ मोडलेली दिसली तर नट फिरला समज. पण माझ्या शब्दावर निघू नकोस. मेकॅनिक मुश्ताकभाईंना फोन करून मी सगळं सांगितलंय, का केलं तेसुद्धा. ते म्हणाले, "उद्या गाडी पाठव. चालवत स्वानंदला येऊ दे, तू नको." तेव्हा उद्या सकाळी त्यांच्याकडून बघून घे. त्याआधी अनुष्काला गाडीत बसवू नकोस.

तिला सांगायचं की नाही, ते तू ठरव. सांगावंस असं मला वाटतं. मी सरांच्या टेबलावर जर्नल आपटून कॉलेज सोडलं, तेव्हा 'विशूचं काही चुकलं नाही' म्हणत तू गावभर फिरलास. चुकलं होतं. या वेळी तसं फिरू नकोस.

परत काम सांगायला मला बोलावू नकोस. शिव्या घालायला बोलाव, येईन.

काकू वरून हाक मारतायत, पान वाढलंय म्हणून. मी तुमच्याकडे लहानपणापासून जेवत आलोय, पण आज त्यांच्यासमोर पानावर बसणार नाही. काही न सांगताच निघतो. हा कागद आणि किल्ली तुझ्या सीटवर ठेवली आहे. दिवा बंद करून बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

'तुझा' लिहायला हात उठत नाही.

विश्वजीत