अंजिराचं पाकीट

प्रिय आई,

परवा पितृपक्षातल्या नवमीला तुमचा पहिला म्हाळ झाला आणि त्यात माझ्याकडून एक चूक झाली. घरात कुणाला ती सांगितलेली नाही. तुमच्याविषयीची तक्रार तुमच्याकडेच करायची मला सवय, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

आधी एक सांगून टाकते. तुम्हाला जाऊन वर्ष झालं, पण मला रडू आलेलं नाही. बाराव्याला बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि मी कुकरच्या शिट्ट्यांकडे कान लावून बसले होते. अजून तसंच आहे. भाताची लावणी झाली, चतुर्थी झाली, सगळं वेळेवर झालं. आत मात्र काही हलत नाही. सुनेचं काळीज दगडाचं, असं म्हणा हवं तर.

म्हाळाचं सामान आणायला कणकवलीच्या मार्टमध्ये गेले. हायवेवरचं आपलं ते स्वस्तातलं. वर्षभर तिकडे तुमचा लेकच जात होता. दारातला माणूस पिशवी बांधून द्यायला लागला की तुम्ही त्याला दर वेळी विचारायचात, आम्ही काय चोर आहोत का? या वेळी मी मुकाट्याने पिशवी पुढे केली. आजी आल्या नाहीत का, असं त्याने विचारलं. मी नाही म्हटलं आणि आत गेले.

तुमच्याबरोबर तिथे जाणं म्हणजे शिक्षाच होती! रव्याचं पाकीट घ्यायचं तर पुढच्या दोन रांगा खाली उतरवायच्या, कारण ताजा माल मागे ठेवतात. एकावर एक फुकट असलं की नको असलेलं फिनेलसुद्धा घरात यायचं. आणि फुकटातल्या त्या प्लास्टिकच्या वाट्या! अजून कपाट उघडलं की अंगावर येतात.

पण एक वस्तू तुम्ही ऑफरची पाटी न बघता उचलायचात. सुक्या अंजिरांचं पाकीट. ट्रॉलीत ते सगळ्यात वर ठेवायचात, चेपू नये म्हणून. अख्खं मार्ट आपण त्याला फिरवून आणायचो. मग काउंटर आला की ते काढून माझ्या हातात द्यायचात. "नको गो. घरात काजू आसत, ह्यां कित्याक व्हयां? ऑफर लागली काय घेवया."

आणि मी ते नेऊन जागेवर ठेवायचे. दर महिन्याला! अंजिरावर कधी ऑफर लागली नाही. मी एकदाही म्हटलं नाही की राहू दे आई, घेऊया. का नाही म्हटलं? परवडत नव्हतं असं नाही. तुम्ही नको म्हणालात आणि मला तेवढंच पुरलं. याची मला लाज वाटते.

निघताना ह्यांनी बजावलं होतं, आईला आवडायचं ते पानावर हवं. ते म्हणजे नेमकं काय, हे मात्र ह्यांना सांगता येईना. बाबांनाही नाही. मला माहीत होतं. काळे वाटाणे, गूळ, तेल घेतलं आणि अंजीर ट्रॉलीत सगळ्यात वर ठेवलं.

घरी येऊन सामान काढते तर अंजीर नाही! आधी वाटलं, पिशवी भरताना राहिलं असेल. मग आठवलं. काउंटरवर मीच ते उचललं, बिल करणाऱ्या मुलीच्या हातात दिलं आणि म्हटलं, हे नको. इतक्या वर्षांची सवय, हातांनी परस्पर केलं. शेवटची एसटी गेली होती आणि आपल्या वाडीतल्या दुकानात अंजीर कुठलं मिळायला?

दुसऱ्या दिवशी पान वाढलं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी, खीर. ह्यांनी ते अंगणाच्या दगडी गडग्यावर नेऊन ठेवलं. सगळे हात जोडून उभे राहिले. आणि वर्षभरात पहिल्यांदा मी मनापासून काहीतरी मागितलं. कावळ्याने पानाला शिवू नये. चांगलं तासभर तिष्ठत ठेवावं सगळ्यांना. म्हणजे कुणीतरी विचारेल, हिचं काय राहिलं? आणि मग मी सांगेन.

कावळा आला तो थेट पानावरच. वडा उचलून गेलासुद्धा. शेजारच्या काकींनी डोळ्यांना पदर लावला आणि तुम्ही तृप्त झालात म्हणाल्या. ह्यांचेही डोळे भरले. म्हणाले, "आयेक सगळांच आवडायचां."

मला तुमचा राग आला, आई. इतका, की तिथे उभं राहवेना. तिकडे जाऊनही तुमचं नकोच का? एकदा तरी अडून बसायचं होतं! घरादाराला दुपारपर्यंत उपाशी ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?

रडू तेव्हाही आलं नाही. राग मात्र अजून आहे, आणि काहीच नसण्यापेक्षा तो बरा वाटतोय.

पुढच्या बाजाराला ते पाकीट घरी येईल, ऑफर असो नसो. कावळ्यासाठी नाही. बाबांच्या आणि तुमच्या लेकाच्या पुढ्यात ते फोडीन आणि सगळं सांगेन. तुम्ही ते दर महिन्याला उचलायचात हे सांगेन, आणि परत कोण नेऊन ठेवायचं तेही. तुम्हाला सगळंच आवडायचं असं या घरात यापुढे कुणी म्हणणार नाही, हा माझा शब्द.

तुमची सून,
वैशाली