बिनलेबलची बाटली

कोपरी, ठाणे पूर्व
११ डिसेंबर २०२४

चि. देवेश,
मावशीचे आशीर्वाद. थंडी पडली आहे, अंगावर घेत जा.

रविवारी संध्याकाळी आपण गॅलरीत बसून तुझ्या कॅनव्हासच्या बुटांना पांढरं पॉलिश लावायचो. उरलेलं तू मेघनाच्या नाकाला पुसायचास आणि ती “मावशी, बघ ना ह्याला” म्हणून घर डोक्यावर घ्यायची. आज कपाट आवरताना उगीच आठवलं.

मेघना बरी आहे. वकील म्हणाले, तुझ्या मारामारीच्या केसची तारीख पुन्हा पुढे गेली. मला रडू आलं नाही. भाजी चिरत राहिले.

मंगळवारी कल्याणला जेलात तुझ्या मुलाखतीला आले, तेव्हा तू काचेपलीकडून हसलास. “मावशी, इथे डाएट फुकट आहे. बघ, पोट गेलं.”

“आणि रात्रीचं व्हिटॅमिन?”

तू फोन तोंडाला लावलास. “गप ना गं. इथे कळलं तर ताट वेगळं करतील माझं. तू कुणाला बोलायचं नाय.”

मी मान हलवली.

त्याआधी गेटवर मी बाटली देऊन पाहिली होती. कामाला येणाऱ्या हौसाबाईंना कळू नये म्हणून लेबल खरवडायची आपली सवय. हीसुद्धा तशीच खरवडलेली. शिपायाने ती उलटीपालटी केली.

“कसली गोळी?”

“व्हिटॅमिनची.”

“मग नसली तरी चालेल, मॅडम. बिनलेबलचं आत जात नाही.”

त्याचं काय चुकलं?

नंतर तुझ्या गोळ्या जिथून आणायचो, तिथल्या क्षिप्राताईंना भेटले. आतल्या डॉक्टरांना आजार कळला तर गोळ्या आतच मिळण्याची सोय होते, म्हणाल्या. अशाच बंद राहिल्या तर काय होईल, तेही सांगितलं. मी पर्स उचलली आणि रिक्षाच्या रांगेत उभी राहिले.

तुझी पत्रं तुझ्याआधी ऑफिसात वाचतात, हे तूच सांगितलंस. म्हणून इतके दिवस मी हवापाणी लिहीत होते. आज ते वाचतात, त्याचसाठी लिहिते. देवेशला एचआयव्ही आहे. अटकेपासून त्याने एकही गोळी घेतलेली नाही.

तू रागावशील. पुढच्या वेळी काचेपाशी आला नाहीस, तरी मी नाव देऊन बसेन.

हे आधी वाचणाऱ्या साहेबांना विनंती: सोबतची केसपेपरची झेरॉक्स कारागृहाच्या डॉक्टरांच्याच हातात द्यावी, बराकीत जाऊ देऊ नये. पत्र देवेशला द्यावं. त्यातली एकही ओळ खोडू नये. कुणी सांगितलं, ते त्याला माझ्याच अक्षरात कळू दे.

तुझीच,
उत्तरामावशी