पहिलं वर्णन

३ मार्च
अखेर संग्रहालयात नोकरी लागली! प्राण्यांच्या वर्गीकरणाचा विभाग, मोठाल्या खिडक्या, भिंतभर बरण्या. आईला फोन केला तर म्हणते, मेलेल्या सरड्यांची बोटं मोजायला कुणी पगार देतं का गं? देतात, आई, देतात! विभागप्रमुख बाईंनी मात्र माझ्या नमस्काराला मानही हलवली नाही. आधीच्या तिघी महिनाभरसुद्धा टिकल्या नाहीत, एवढंच ऐकवलं. मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही.

४ मार्च
पहिलंच काम, तेही नवंकोरं! गुहेत सापडलेला, हातभर लांब, आजवर कुणीच न नोंदवलेला प्राणी. चिमटा, कॅलिपर आणि भिंग घेऊन दिवसभर बसले. पुढच्या पायांना चार बोटं, बोटांमध्ये पडदा. बाहेरचा कान नाही. पापण्या नाहीत. अंगावर एक केस नाही. लांबी तेवढी बाईंनी लिहू दिली नाही, बाकी सगळं शाईने नोंदवहीत उतरवलं. बाईंचा नियम असा की पहिलं वर्णन कधीच खोडायचं नाही. त्याच्याशी जुळेल तोच अस्सल नमुना, आणि अस्सल नमुना बरणीत.

६ मार्च
बाईंनी सगळ्यांदेखत पाणउतारा केला. बोटं चार नाहीत, पाच आहेत म्हणे. पुन्हा मोजली. पाचच! मी चूक खोडायला गेले तर त्यांनी मनगट पकडलं. प्राणी चुकेल, वही चुकत नाही, म्हणाल्या. बरण्या भरणारे स्पिरिटकाका तोंड फिरवून उभे होते. मला रडूच कोसळलं.

८ मार्च
तो प्राणी वाढलाय. आता त्याला कान आहेत, आणि उजव्या पाळीला दोन भोकं. माझ्याही उजव्या पाळीला दोनच आहेत. होती. सकाळी कानातली हातात आली, आणि भोकं काही सापडेनात. आता तर पाळीच —

१० मार्च
करंगळ्या गेल्या. दुखलंसुद्धा नाही. उशीवर केसांचा ढीग. राजीनामा दिला. बाईंनी तो वाचला नाही, माझी बोटं मोजली आणि पहिल्यांदाच हसल्या. काका माणसाएवढी बरणी पुसत होते. त्यांनी माझी उंची विचारली.

११ मार्च
विभागाचं दार बाहेरून बंद. टेबल रिकामं. खुंटीवरचा माझा कोटही नाही. आईला फोन लावला. कोण बोलतंय, म्हणाली. तिची मुलगी आत्ताच घरी आलीय, जेवायला बसलीय — आई, ती मी नाही — तिने फोन ठेवला.

१२ मार्च
डोळे मिटत नाहीत. बाई नोंदवही वाचताहेत, काका माझा डावा हात धरून तपासताहेत. बोटं चार. जुळतं. पडदा. जुळतं. कान नाही. जुळतं. मी ओरडतेय, पण तोंडातून नुसती हवा — उजव्या हाताने लिहितेय, बाई, इकडे बघा, त्या वहीतलं अक्षर आणि हे अक्षर एकच — माझंच आहे — निदान अक्षर तरी —