मामाची हिरवी दुर्बीण

३ ऑक्टो. ९८
स्टार्टर मीच काढला. सगळे म्हणतायत ट्यूब उडाली होती म्हणून मामा पडला. मी पण मान हलवतोय. इथं तरी खरं लिहितो.

कामगार कँपच्या पॅसेजमधल्या दोन्ही ट्यूबचे स्टार्टर काढून खिशात टाकले, पांढरी चादर घेतली आणि मोरीच्या दारात भूत होऊन उभा. बाबू पेंटर किंचाळला. वॉचमन एक चप्पल टाकून पळाला. मग मामा आला. सख्खा मामा, आईचा थोरला भाऊ. कंपनीची बस चालवतो, मला व्हिसा पाठवून इथं आखातात आणलं ते त्यानेच. माझ्यापासून हातभर अंतरावरून गेला. बाहेर चंद्र होता, बाकी सगळ्यांना मी दिसलो. मामाला भूत दिसलंच नाही. सरळ चालत गेला आणि पाइपसाठी कालच खणलेल्या चरात पडला.

सलमानिया हॉस्पिटलला नेला. कपाळाला सहा टाके. डॉक्टरला म्हणला पाय घसरला.

५ ऑक्टो.
दुपारी मामा बस धूत होता तेव्हा विचारलं. आधी ऐकलंच नाही असं केलं. मग म्हणला, "दिस मावळला की माझं दुकान बंद."

रातांधळेपणा लहानपणापासून थोडा होता, गेल्या चार वर्षांत रात्रीचं दिसणं पार गेलं. उजेडात एकदम टकाटक. मेडिकलला दिवसाउजेडी तक्ता वाचायला लावतात, मामा शेवटची ओळ धाडधाड वाचतो. बसपासून खोलीपर्यंत त्रेचाळीस पावलं, मोजून ठेवलीत. चर खणल्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

रस्त्याला दिवे असले की निभतं. कामावर जाताना सित्रा बेटात शिरल्यावर शेवटचा पट्टा मात्र अंधारा. तिथं पुढच्या गाडीचे लाल दिवे धरून जातो. मी म्हटलं, पुढं गाडी नसली तर? काचेवर फडकं मारत राहिला.

दर वर्षी थंडीतच रजा का टाकतो ते आज कळलं. आम्ही चिडवायचो, मामा हुरडा खायला निघाला. थंडीत इथं उशिरा उजाडतं, पहाटेची बस पार अंधारात, एवढंच ते.

बसमध्ये चाळीस माणसं असतात. त्यात मी एक.

८ ऑक्टो.
मामाची रजा नामंजूर. कांबळे साहेबांनी बोलावून सांगितलं (टाइम ऑफिसवाले, नागपूरचे, माणूस चांगला). नवा मॅनेजर या थंडीत एकाही ड्रायव्हरला सोडत नाही. मी म्हटलं मामाची तब्येत बरी नसते. साहेब म्हणले, काय होतंय ते लिहून दे, मी स्वतः घेऊन जातो आत. दोनदा म्हणले.

लिहून दिलं तर डोळ्यांचं लिहावं लागेल. मग मामा पहिल्या विमानात.

दिलं नाही.

मामाचं म्हणणं, मार्चपर्यंत ढकलू. मार्चला काँट्रॅक्ट संपतं, तोवर दिवस पण मोठा होतो. मग कायमचा गावी.

१२ ऑक्टो.
युक्ती काढली. मी आता पुढं, दाराजवळच्या सीटवर (इथं बसचं दार उजवीकडं). एकदा खोकलो की उजवीकडं काहीतरी आहे. दोनदा खोकलो की डावीकडं. लांब खोकला म्हणजे ब्रेक. पहिल्या दिवशी झकास. मागून बाबू पेंटर म्हणला, "पिंट्या, टीबी झाला काय तुला? खिडकीतून थुंक बाबा." सगळी बस हसली. मामा पण.

पण मला तरी कुठं सगळं दिसतं. हेडलाइटचे बल्ब बदलले, तरी कडेचं काही कळत नाही. सायकलवाले बिनदिव्याचे, अंगात गडद डांगरी. अगदी जवळ आले की दिसतात.

१६ ऑक्टो. शुक्र.
मनामाच्या बाजारातून पिवळा चष्मा आणला. खोक्यावर बाई गाडी चालवतेय आणि रात्रीचा दिवस झालाय. संध्याकाळी मामाने घातला, इकडं तिकडं बघितलं, म्हणला, "अंधार पिवळा झाला."

आता दुपारी घालतो. हिरो दिसतो.

२३ ऑक्टो. शुक्र.
परत बाजारात. मागच्या गल्लीत एक केरळवाला जहाजावरच्या रशियन खलाशांकडून जुना माल घेतो. घड्याळं, होकायंत्र, आणि अंधारात बघायच्या दुर्बिणी. मी म्हटलं रात्री मासे धरायला जातो. त्याने विश्वास ठेवला नाही, पण स्टूल दिलं.

एक होती बंदुकीवर लावायची. तो स्वतःच म्हणला, ये लेके चेकपोस्ट पे मिला तो खलास. दुसरी दोन डोळ्यांची, पट्ट्याने डोक्याला बांधायची. झकास, पण मी वर्षभर उपाशी राहिलो तरी परवडणार नाही. मग नवा व्हिडिओ कॅमेरा दाखवला, अंधारात शूटिंग करतो म्हणे. माल ठेवायच्या खोलीत नेऊन दार लावलं. कॅमेऱ्यातून समोरचा खोका दिसला, पलीकडची भिंत नाही. लग्नाच्या रात्री पुरता.

शेवटची एका डोळ्याची, वीतभर लांब, विटेसारखी जड. बटण दाबलं की डास गुणगुणतो तसा बारीक आवाज. आणि सगळं हिरवं. खोलीच्या टोकाचं रद्दीचं गाठोडं, त्यावर बसलेलं मांजर, मांजराचे डोळे. चित्रात दोन काळे ठिपके होते. ते दाखवून भाव पाडला, तरी पगार आल्याशिवाय जमणार नाही.

दार उघडायच्या आधी त्याने हाताने टोपण घातलं. "गाडी की लाइट में मत देखना. अंदर का ट्यूब जल जाएगा, तेरे को भी कुछ नहीं दिखेगा." मी म्हटलं समुद्रात कुठली गाडी. हसला तो.

१३ नोव्हें. शुक्र.
घेतली.

अंधार पडल्यावर मामाला कँपच्या मागं नेलं. डोळ्याला लावून दिली. आधी जमिनीकडं बघितलं, मग स्वतःच्या पायांकडं. चपलेचा अंगठा तुटलाय म्हणला. तारेच्या कुंपणापर्यंत चालत गेला, पावलं न मोजता. मग वर बघितलं.

 मान दुखेल म्हटलं तर खाली बसला आणि परत वर.

"एवढ्या चांदण्या कधीपासून झाल्या?"

मी सिगारेट आणायच्या निमित्ताने निघून गेलो.

१५ नोव्हें.
मामाला ती लावून गाडी चालवता येत नाही. मैदानात आधी चालायला लावला. एका डोळ्याने लांब-जवळचं कळत नाही, पाण्याच्या पिंपावर जाऊन आदळला. मग ठरलं, दुर्बीण माझ्याकडं. अंगावर शाल, शालीतून डोळ्याला, आणि खोकायचं.

२४ नोव्हें.
एक नंबर चाललंय. फार लांबचा माणूस दिसतो. मामा म्हणतो आता तू बस चालव, मी खोकतो. आज तर शिट्टी वाजवत होता. समोरून गाडी आली की झाकून घेतो, गेली की परत लावतो.

१ डिसें.
लिहवत नाही.

अंधाऱ्या पट्ट्यात. उजवीकडं लांब काहीतरी हललं, हिरवं. काय आहे ते बघत बसलो. खोकायच्या आधी नीट बघून घेऊ म्हटलं. तेवढ्यात समोरच्या वळणावरून ट्रक आला, मोठ्या लाइटवर. मी झाकली नाही. सगळं पांढरं झालं. डोळ्यात पांढरं, डोक्यात पांढरं.

खोकलो नाही.

माझ्या बाजूला धाडकन आवाज. मामाने ब्रेक मारला. मागचे झोपेतून उठले, काय झालं, काय झालं. मी खिडकीतून मागं बघितलं. ट्रकच्या उजेडात रस्त्याच्या कडेला सायकलचं चाक फिरत होतं.

"काय होतं रं?"

"कुत्रं होतं. चल मामा. यल्ला, पंचिंगला उशीर होईल."

मामा थांबूनच होता. मग गिअर टाकला.

३ डिसें.
उजव्या बाजूचा आरसा पार मागं वळलाय. काच फुटलीय. मामा दुपारी पान्याने सरळ करत होता. मी पाना धरायला गेलो. आरसा माझ्या डोक्याच्या उंचीवर येतो. मामाने आरशाकडं बघितलं, मग माझ्याकडं, वरपासून खालपर्यंत.  "दहा नंबरचा दे," एवढंच.

४ डिसें. शुक्र.
सलमानियाला गेलो. तीन वॉर्ड हिंडलो. चौथ्यात तो सायकलवाला सापडला. बांगलादेशी, तिकडच्या गोदामावर वॉचमन, ड्यूटी संपवून चालला होता. डोक्याला पट्टी, नाकात नळी. नर्स म्हणली, बात नहीं करता अभी. शेजारी त्याचा भाऊ बसलेला, पायात दोन वेगळ्या चपला. आप कौन, म्हणला. मी म्हटलं वॉर्ड चुकला. संत्र्यांची पिशवी तिथंच विसरलो असं दाखवून ठेवली. तो मागून पळत आला, पिशवी परत द्यायला.

घेतली परत. काय सांगणार होतो.

७ डिसें.
दुर्बीण रात्री लावून बघितली. मधोमध मोठा काळा डाग पडलाय. कुठंही बघा, आधी डाग.

ती तशीच घेऊन बसतो. मामाला सांगितलेलं नाही. पुढच्या गाडीचे दिवे दिसले की त्यांच्या मागं राहायला खोकतो. खोकून खोकून आता खरंच घसा गेलाय. कांबळे साहेबांनी गोळ्या दिल्या. त्यांच्या टेबलासमोर उभा होतो, तोंड उघडलं होतं. म्हणले, काय रे? म्हटलं, थँक्यू साहेब.

११ डिसें. शुक्र.
आज परत निघालो होतो, सलमानियाला. मामाला म्हटलं बाजारात जातो. मामा खाटेवर बसून चपलेचा अंगठा शिवत होता. उशीखालून केळ्यांची पिशवी काढली, माझ्या हातात दिली. सुईवरून मान वर केली नाही.

"कुत्रं जगलं का रं?"

पिशवीची गाठ घट्ट केली.

"अजून आहे," म्हटलं.

मामाने दोरा दाताने तोडला. म्हणला, "त्याच्या भावाला दे. उपाशी असंल."

भाऊ आहे, हे मी मामाला कधी बोललो नव्हतो. म्हणजे तो पण जाऊन आलाय. आजच्या आधी कधीतरी, दिवसा.

भावाने आज केळी घेतली. आप कौन, परत विचारलं नाही. माणूस डोळे उघडतो म्हणे, पण बघत नाही.

उद्या बस पावणेपाचला. मामाने आत्ताच गजर लावला.

ही वही ज्याच्या हाती पडेल त्याला हात जोडतो, पाया पडतो. कुणाला सांगू नका. कांबळे साहेबांना नको, पोलिसांना नको, गावी आईला तर नकोच. स्टार्टरचं सांगा हवं तर, तो मीच काढला. बाकीचं नको. मार्चपर्यंत तरी नको.