लांबणार ते काय?

९ जानेवारी

ती. काकांस,
टकळीचा शि. सा. न. वि. वि.

इस्पितळातलं दुभाष्याचं काम हळूहळू अंगवळणी पडतंय. खोली लहान आहे. एका बाजूला इंग्रजीत बोलणाऱ्या डॉक्टरबाई, दुसऱ्या बाजूला मराठी रुग्ण आणि माझी खुर्ची बरोबर मधे. आमच्या प्रमुखबाईंची सक्त ताकीद आहे की जे बोललं जाईल तेवढंच सांगायचं. पदरचं घालायचं नाही आणि गाळायचंही नाही. अजून कायम केलेलं नाही, म्हणून तोंडाला लगाम घालून वावरते. हे बाबांना सांगू नका, त्यांचा विश्वास बसायचा नाही.

आता कामाचं. इथे डॉक्टर उठता-बसता 'प्रोलाँग' म्हणतात. अमुक औषध आयुष्य प्रोलाँग करेल वगैरे. मी 'लांबवेल' म्हणून सांगते. काल एका बाईंनी घाबरून विचारलं की लांबवणार म्हणजे उपचार पुढे ढकलणार का. तुम्ही हे क्रियापद शिकवलंत तेव्हा मी बहुधा खिडकीबाहेर बघत होते. एकदा नीट समजावून सांगा.

काकूला नमस्कार. रागवायचं असेल तर रागवा, पण लोभ असू द्या.

आपली,
टकळी

१७ जानेवारी

चि. टकळी हिस,
अ. उ. आ.

खिडकीबाहेर बघत नव्हतीस, शेजारणीशी बोलत होतीस. वाक्यात उपयोग कर म्हटल्यावर तू लिहिलंस की कृपया आमची परीक्षा प्रोलाँग करा. तुला हवी होती पुढे ढकललेली परीक्षा. मागितलीस तीन तासांच्या जागी पाच तास चालणारी. मी ती मंजूर केली असती तर वर्गाने तुझी काय गत केली असती?

घोटाळा आपल्या 'लांबणं'मुळे होतो. लग्न लांबलं म्हणजे ते अजून लागायचंय आणि भाषण लांबलं म्हणजे वक्ता खाली बसत नाही. इंग्रजी शब्दाला यातला दुसराच अर्थ आहे. जे चालू आहे तेच प्रोलाँग करता येतं: मुक्काम, गप्पा, लढाई, आयुष्य. तुझ्या बाबांनी सदऱ्याची बाही लांब केली तर तिथे तो चालत नाही, कारण तो कापडाचा नाही, काळाचा शब्द आहे. शिवाय त्याला बऱ्यावाईटाचं सोयरसुतक नाही. सुख प्रोलाँग होतं तसे हालही होतात. म्हणून त्याच्या जोडीला काय आलंय ते कान देऊन ऐकत जा. मराठीत एक शब्द सापडेना तर चार वापर. शब्दांवर अजून कर बसलेला नाही.

दादा, म्हणजे तुझे वडील, शिवणयंत्रावरून मान वर करून रोज विचारतो की पत्र आलं का. जेवणाची हेळसांड नको. चार ओळी का होईना, लिहीत जा.

तुझा,
काका

४ मार्च

ती. काकांस,
शि. सा. न.

काल जे झालं ते तुम्हाला लिहिल्याशिवाय चैन पडेना. एक म्हातारे टॅक्सीवाले आमच्याकडे येतात. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. पोटात गाठ आहे. आत जायच्या आधी त्यांच्या दोन्ही मुलांनी मला व्हरांड्यात गाठलं. थोरल्याने हात जोडले. डॉक्टर काहीही म्हणोत, तुम्ही बाबांना बरं होईल एवढंच सांगा, नाहीतर ते खचतील, असं म्हणाला. मुलं वाईट नाहीत, काका. धाकट्याचे डोळे रडून सुजले होते. मी म्हटलं की मला तसं करता येणार नाही, तुम्हीच आधी डॉक्टरांशी बोला. तेवढ्यात आतून बोलावणं आलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या की या औषधाने आजार बरा होणार नाही, पण ते आयुष्य प्रोलाँग करू शकेल. मी सांगितलं की औषधाने आजार जायचा नाही, पण आयुष्य आणखी काही काळ चालू राहू शकेल. थोरला ताडकन उठला. उस्तादांनी त्याला हाताला धरून बसवलं आणि मला म्हणाले की बाईंना विचार, चालू काय राहणार, माझं जगणं की माझं दुखणं?

मी जसंच्या तसं विचारलं. बाईंनी पेन खाली ठेवलं, खुर्ची पुढे ओढली आणि अगदी सावकाश सांगू लागल्या. हे औषध जोरकस आहे. त्याने काळ जास्त मिळेल, पण त्यातला बराचसा अंथरुणात जाईल. दुसरं सौम्य आहे. त्याने काळ बहुधा कमी मिळेल, पण हिंडता-फिरता येईल. उस्तादांनी सौम्य औषध मागितलं.

बाहेर आल्यावर थोरला म्हणाला की तुम्ही माझ्या बापाच्या तोंडचा घास काढलात. त्याने लेखी तक्रार केली आहे. सोमवारी मला बोलावलंय. पुन्हा वेळ आली तरी मी तेच सांगीन. पाठीवर हात असू द्या.

आपली,
टकळी

११ मार्च

चि. टकळी हिस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. एकदा काका म्हणून, एकदा मास्तर म्हणून. काकाला काळजी वाटली. मास्तराने चूक शोधली, ती सापडली नाही.

नोकरी राहिली तर उत्तम. गेली तर सरळ घरी ये, आणि मान वर करून ये. काकू म्हणते, तिकीट ती काढेल. त्या थोरल्यावर मात्र राग धरू नकोस. त्याचा बाप चाललाय.

सोमवारी काय झालं ते लगेच कळव.

तुझा,
काका

२२ सप्टेंबर

ती. काकांस,
शि. सा. न.

उस्तादांनी प्रमुखबाईंपुढे स्वतः येऊन माझी बाजू मांडली आणि पुढे मी कायम झाले, हे मागे कळवलंच होतं. त्यांनी मिळालेल्या काळाचं काय केलं, ते मात्र मलाही काल कळलं.

उस्ताद पंधरवड्यापूर्वी गेले. काल त्यांच्या पत्नी इस्पितळात आल्या, स्वतः टॅक्सी चालवत! जन्मभर त्या मागच्या सीटवर बसल्या होत्या. या उन्हाळ्यात उस्तादांनी त्यांना पुढे बसवून शिकवलं. म्हणाल्या, ओरडायचे फार. क्लच सोडताना गाडीने आचका दिला की पोट धरायचे आणि तरी हसायचे. परवाना मिळाला त्या दिवशी पेट्रोलपंपावरच्या झाडून सगळ्यांना त्यांनी सांगितलं की ही माझी ड्रायव्हर. शेवटपर्यंत तपासणीला उस्तादांना त्याच घेऊन यायच्या. मी आपली खोलीत बसलेली, मला काय ठाऊक!

मला घरी सोडायचा त्यांनी हट्टच धरला. थोरला बरोबर होता. त्याने माझ्यासाठी दार उघडून धरलं आणि मी नीट बसेपर्यंत उभा राहिला. बाईंनी आरसा नीट केला आणि गाडी अशी अलगद काढली की मला कळलंही नाही.

हे बाबांनाही वाचायला द्या. आठवण काढत राहा, मीही काढते.

आपली,
टकळी

३० सप्टेंबर

चि. टकळी हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र घेऊन मीच दादाच्या दुकानात गेलो. त्याने यंत्र थांबवलं आणि गिऱ्हाइकं ताटकळत असताना उभ्या उभ्या मोठ्याने वाचून दाखवलं. मग गल्ल्यातून तुझं मार्चचं पत्र काढलं, कारण आधीची हकिगत कळल्याशिवाय लोकांना काय समजणार, असं त्याचं म्हणणं. 'प्रोलाँग' आलं तिथे अडखळला. तीन तऱ्हांनी म्हणून पाहिलं, तिन्ही चुकीच्या. ब्लाउजाचं माप द्यायला आलेल्या एका बाईंनी विचारलं की या शब्दाचा अर्थ काय हो. मी घसा खाकरून सांगणार, एवढ्यात दादाच म्हणाला की ते आम्हाला विचारू नका, ते आमच्या मुलीला विचारा.

मी उघडलेलं तोंड मिटलं आणि बाकावर सरकून बाईंना बसायला जागा करून दिली.

सगळ्यांचे आशीर्वाद.

तुझा,
काका