भाड्याची अक्षरं

प्रिय ठोक्यास,

परवा दुपारी जरा डोळा लागला होता, तेवढ्यात बाईंच्या लाकडी पट्टीचा टेबलावरचा ठोका ऐकू आला. टक्, टक्, मग एक रिकामी जागा, मग पुन्हा टक्. त्या रिकाम्या जागेत आपला अख्खा वर्ग श्वास घ्यायचा आणि कवितेची पुढची ओळ एकदम उचलायचा, आठवतं? मी अंथरुणात उठून हाताची घडी घालून बसलो. पाहतो तर न्हाणीघरातला नळ गळत होता. तरीसुद्धा घडी लगेच सोडवेना.

तर नमस्कार. (आशीर्वाद लिहिणार होतो, पण तू माझ्याहून चार महिन्यांनी मोठा आहेस आणि ते तू कुणाला विसरू देत नाहीस. साष्टांग नमस्कार लिहावा, तर तू तो खरा धरशील.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? इकडे सगळं ठीक. हिचा रक्तदाब आटोक्यात आहे. माझाही होता, आमच्या सूनबाईने नवा कॉम्प्युटर आणेपर्यंत.

विषयावर येतो. बाईंच्या कवितांचं पुस्तक मी छापण्यासाठी लावतोय हे तुला ठाऊक आहेच. पाठ्यपुस्तकातल्या कविता संपल्या की बाई स्वतःच्या सांगायच्या, फळ्यावर न लिहिता, नुसत्या तोंडी, आणि आपण त्या पाठ करायचो. (आपण म्हणजे आम्ही. तुझ्या डोक्यात दोन ओळीसुद्धा टिकत नसत, म्हणून बाईंनी पट्टी तुझ्या हातात दिली आणि ठोके द्यायला बसवलं. तुझं नाव तिथून पडलं, आणि खरं सांगायचं तर वर्गातली सगळ्यात मानाची जागा तुलाच मिळाली.) त्या कविता कुठे छापल्या गेल्या नाहीत. आता बाई पुतणीकडे असतात, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं डॉक्टर करू नका म्हणतात. दिसतंय तोवर पुस्तक त्यांच्या हातात पडावं एवढंच माझ्या मनात आहे. मागे भेटायला गेलो तेव्हा मी त्यांना सांगूनही बसलो की पुस्तक झालंच आहे, फक्त पानांना आकडे घालायचे राहिलेत. ते तेव्हा खरं होतं. आकडे घालायचे राहिले होते, शिवाय अर्धं पुस्तक राहिलं होतं.

तू म्हणशील, इतका वेळ कशाला? अरे, कविता म्हणजे काही औषधाच्या बाटलीवरचं लेबल नव्हे. कडव्यानंतर किती जागा सोडायची, हे मी बाईंच्या पट्टीवरून ठरवतो. ठोका आणि ठोका यांच्यामध्ये जेवढा श्वास, तेवढा कागद कोरा. आयुष्यभर छापखान्यात हेच केलं, आधी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून, मग कॉम्प्युटरवर. पानं लावायचं ते सॉफ्टवेअर आणायला तूच माझ्याबरोबर आला होतास. केवढं खोकं होतं ते! आत तबकड्या, जाडजूड पुस्तक, आणि पिशवी फाटली म्हणून तू ते बाळासारखं छातीशी धरून घरापर्यंत आणलंस. एकदा घेतलं आणि आपलं झालं. त्यानंतर त्या कंपनीने मला कधी हाक मारली नाही की मी तिला. दोन्ही बाजूंनी इतकं सुखाचं नातं मी दुसरं पाहिलेलं नाही.

पण कॉम्प्युटर म्हातारा झाला. चालू होताना असा कण्हायचा की ही स्वयंपाकघरातून विचारायची, काय हो, बरं वाटत नाहीये का? सूनबाई (बिस्किटांच्या पुड्यांची आणि औषधांच्या खोक्यांची चित्रं करते, हात चांगला आहे) म्हणाली, बाबा, नवा घ्या. नवा आला. जुनं सॉफ्टवेअर त्यावर चढेना. मग तिनेच त्याच कंपनीचं नवं घालून दिलं. आता ते खोक्यात मिळत नाही. विकतच मिळत नाही. एका महिन्यापुरतं महाग पडतं, म्हणून वर्षाचा करार करायचा, दर महिन्याला भरायचं आणि वापरायचं. भरणं थांबलं की ते थांबलं.

मी बाईंचं पुस्तक त्यात उघडलं. त्याने अतिशय नम्रपणे विचारलं की ही फाइल जुन्या पद्धतीची आहे, नव्या पद्धतीची करून देऊ का? आता समोरचा इतक्या अदबीने विचारतोय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? मी हो म्हटलं. नंतर त्याने विचारलं, जुनीच्या जागी ठेवू का? त्यालाही हो म्हटलं. आपल्याला लहानपणी लावलेलं वळण असं म्हातारपणी अंगाशी येतं.

काही महिने बरे गेले. मग आम्ही दोघं लेकीकडे महिना-दोन महिने राहायला निघालो. निघताना घरातला कर्ता माणूस काय करतो? दूधवाल्याला सांगतो, पेपरवाल्याला सांगतो, की परत येईपर्यंत टाकू नका. दोघंही मान हलवतात आणि आपण परतलो की दुसऱ्या दिवशी सकाळी दारात दूधही असतं आणि पेपरही. मी त्याच रीतीने सॉफ्टवेअरवाल्यांनाही कळवलं. बंद करण्याचं बटण सापडायलाच अर्धी दुपार गेली. ते दाबल्यावर विचारणा झाली, आम्हाला सोडून का जाताय? मी लिहिलं, सोडून जात नाही, लेकीकडे जातोय. त्यावर उत्तर आलं की आम्हाला वाईट वाटतंय, आणि वर्षाचा करार मध्येच मोडल्याबद्दल अमुक एक आकार पडेल. पेपरवाल्याला वाईट वाटत नाही आणि आकारही पडत नाही, यातला फरक तुझ्या लक्षात आला असेल.

परत आलो, कॉम्प्युटर लावला, तर बाईंचं पुस्तक उघडेना. फाइल दिसते, नाव दिसतं, पण आत जाऊ देत नाहीत. मग मी माळ्यावरून जुना कॉम्प्युटर उतरवला (ही स्टूल धरून उभी होती आणि मला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात काहीतरी म्हणत होती). तो कण्हत कण्हत उठला, फाइल पाहिली आणि म्हणाला, ही माझ्यानंतरच्या काळातली आहे, मला वाचता येत नाही. ठोक्या, मला त्याच्याविषयी जी माया वाटली ती मी कुणाला सांगितलेली नाही. मलाही सध्या पुष्कळ गोष्टींबद्दल असंच म्हणावंसं वाटतं. (छापून ठेवलं असतंस तर, असं तू म्हणणार. पण काम पुरं झाल्याशिवाय कागद काळा करायचा नाही, ही माझी छापखान्यापासूनची सवय.)

नंतर कंपनीच्या मदतीच्या खिडकीत तक्रार लिहायला बसलो. सप्रेम नमस्कारापासून सुरुवात करून बाईंची ओळख, शाळा, पट्टी, असं विषयाकडे येत होतो, तर मध्येच अक्षरं संपली, जागा पुरी झाली म्हणाले. तेवढ्यावरच उत्तर आलं, आणि ते पासवर्ड विसरल्यास काय करावे याविषयी होतं. खाली विचारलं होतं की हे उत्तर उपयोगी पडलं का? कुणीतरी आपल्यासाठी बसून लिहिलंय, त्याचं मन कशाला मोडा, म्हणून मी हो दाबलं. तक्रार मिटल्याबद्दल त्यांनी माझे आभार मानले आणि खिडकी बंद झाली.

संध्याकाळी घरात बैठक बसली. सूनबाई म्हणाली, बाबा, पुन्हा सुरू करा, त्यात काय एवढं, नाहीतर मी माझ्यातून उघडून देते. तिचं म्हणणं असं की बिस्किटवाले तिला फाइली नव्याच पद्धतीच्या पाठवतात, तिच्याकडे त्या उघडल्या नाहीत तर काम दुसऱ्या दारी जाईल. महिनाभर काम नसलं तरी भरावं लागतं हे तिलाही टोचतं, पण घराचं भाडं नाही का आपण भरत, काम असो नसो? मी टेबलावरची माझी लोखंडी पट्टी उचलली, खिळे ओळीत बसवायची, तू पाहिली आहेस. म्हटलं, या पट्टीने मला आजवर विचारलेलं नाही की या महिन्याचं भरलंत का. सूनबाई म्हणाली, पट्टी आहे बाबा, पण खिळे कुठे मिळतात आता? यावर मी कुंड्यांना पाणी घालायला गेलो.

तिथे सुचलं ते परत येऊन बोललो. म्हटलं, जे एकदा घेतलं ते आपलं. बाईंची ती कविता बघा,

खिडकीपाशी ऊन थांबले,
आत येउ का, पुसू लागले.

ही मी इयत्ता चौथीत घेतली. तेव्हापासून तिचा एकही हप्ता नाही, ती नव्या पद्धतीची झाली नाही, आणि लेकीकडे गेलो म्हणून कुणी ती बंद केली नाही. तेव्हा माझ्या नावाने भाड्याची अक्षरं या घरात येणार नाहीत, आणि बाईंचं पुस्तक तर त्या अक्षरांत मुळीच निघणार नाही. शपथ घेतली म्हणालास तरी चालेल. बोललो छान, हे मला बोलतानाच जाणवत होतं. मुलगासुद्धा फोनमधून डोकं वर काढून बघत होता.

ही भाजी निवडत होती. तिने मान वर न करता एवढंच विचारलं, "तुमचं सगळं बरोबर आहे. पण पुस्तक कुठे आहे?"

तेव्हापासून मी पुस्तक नव्याने लावतोय, कागदावर, पेन्सिलीने. प्रत्येक पान आखतो, तोंडाने ठोका देतो आणि जागा सोडतो. हात थोडा कापतो, त्यामुळे बाईंच्या काही ओळी उताराला लागल्यासारख्या दिसतात. तरी तत्त्व शाबूत आहे. तू मात्र बाईंकडे गेलास तर पुस्तकाचा विषय काढू नकोस. विचारलंच, तर गुडघ्याचं सांगत बस. ते तुला जमतं.

वहिनींना नमस्कार. उत्तर सावकाश पाठव, घाई काही नाही.

तुझा,
पहिल्या बाकावरचा

ता. क. घाई आहे. पेन्सिलीने तिसऱ्याच पानावर मी हात टेकले. आता नीट वाच. मी जी शपथ घेतली ती माझ्या नावापुरती आहे, हे वर माझ्याच शब्दांत आलेलं आहे, पाहिजे तर पुन्हा वाच. दुसऱ्या कुणाच्या नावावर एखादा महिना ते सॉफ्टवेअर चालू झालं, तर त्याला मी काय करणार? म्हणून तुझं नाव घालतो. तुला काही करायचं नाही. तुझ्या फोनवर एक आकडा येईल, खाली लिहिलेलं असेल की हा कुणालाही सांगू नका. तो मला सांग. हप्ता मीच भरीन, पण आमच्याकडे फोन करशील तेव्हा दुपारी कर, सूनबाई कामात असते. पुस्तक त्या अक्षरांत निघणार नाही असंही मी म्हणालो होतो, ते तू विसरलास तर बरं. तुझी विसरण्याची ख्याती आहे.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार एवढ्यात दारावर कुणीतरी वाजवलं. टक्, टक्, मग रिकामी जागा, मग टक्. मला वाटलं नळ. दार उघडलं तर बाई. हातात काठी, मागे पुतणी, आणि या म्हणायच्या आत बाई आत येऊन माझ्या खुर्चीत बसल्यासुद्धा. तू गेल्याच आठवड्यात जाऊन त्यांना सांगून आलास म्हणे की पुस्तक तयार आहे, घरी जाऊन बघा. (याविषयी वेगळं लिहीन.) ही पाणी आणायला गेली आहे आणि सूनबाई दारात उभी राहून माझ्याकडे बघते आहे, तोवर हे घाईने लिहितो. मी आपला बाईंना खूश करावं म्हणून ती उन्हाची कविता म्हणायला लागलो. दुसऱ्या ओळीवर त्यांनी काठी आपटली.

"ते बदललंय मी. या वयात ऊन विचारत बसत नाही रे. आपण होउन आत बैसले, असं कर. आणि पुढचीही बरीच बदलायची आहेत, दर खेपेला नवं काहीतरी सुचतं."

ठोक्या, महिन्याचं नको. वर्षाचंच घेतो.