मार्कंड्याला गेलेला भात

गडचिरोली,
बुधवार, दुपार

आदरणीय रिनाताईस,

धाकट्या प्रफुलचा सप्रेम जयभीम. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे माझ्याखेरीज बाकीचे बरे आहेत. तुझा गुडघा कसा आहे? निशाच्या लग्नात उठबस करून तो सुजला असं कळलं. सोमाजी भाऊजींचा रक्तदाब उतरला का? (उतरला नसेल तर हे पत्र त्यांना इतक्यात दाखवू नकोस. उतरला असेल तरीही नको.) निशा सासरी रमली असेल. तिच्या सासरचे लोक आपल्याला अजून ‘मुरमुरेवाले’ म्हणतात का, हेही विचारायचं होतं, पण तो विषय पुढे येणारच आहे.

पत्राचं कारण सुकलू आचारी. लग्नात भात कमी पडला आणि तांदूळ सुकलूनं परस्पर विकला, असं भाऊजी भर मांडवात म्हणाले. आता तुमच्या शेजारच्या पिंकीच्या लग्नाचं कामही त्याच्याकडून काढून घेतलं, असं काल कळलं. ताई, सुकलूनं एक दाणा घेतलेला नाही. भात कुठे गेला ते मला माहीत आहे, कारण तो मी पाठवला होता. खरं तर पत्र इथेच संपायला हवं. पण असं एका ओळीत लिहिलं की मी फारच मूर्ख दिसतो. सविस्तर लिहिल्यावर थोडा कमी दिसेन अशी आशा आहे.

याची सुरुवात तुझ्यापासून झाली (दोष देत नाही, फक्त क्रम सांगतो). पोळ्याला मी तुझ्याकडे आलो होतो, तेव्हा तू मोबाइलवर मी लिहितो ती ‘ज्वालकेतू’ ही युद्धाची मालिका ऐकत वांगी चिरत होतीस. मी स्तुतीची वाट पाहत बसलो होतो आणि तू विचारलंस, “काऊन रे, हे लोकं तीन पावसाळे लढून राह्यले, मंग धान कोन लावते? आन् एवढ्या सैन्याले भात कोन रांधते?” मी हसून म्हणालो की ते राज्य काल्पनिक आहे. तर तू म्हणालीस, “पोट बी काल्पनिक हाये का त्याह्यचं?”

चामोर्शीहून परतताना एसटीत मला ते लागत राहिलं. इतकी वर्षं मी दर आठवड्याला वेळेवर भाग देतोय, कधी चुकलो नाही, आणि माझ्या राज्यात एक माणूस जेवलेला नव्हता. शेतं ओस, गडी सगळे रणांगणावर आणि राजाचा खजिना मात्र दर भागाला ओसंडतोय. छत्तीसगडातून आपल्याकडे हत्तींचा एक कळप आला तर गावंच्या गावं धान राखत बसतात. माझ्या राजाकडे दहा हजार हत्ती होते आणि पेंढीभर चारा नव्हता. शौर्याचंही तेच. ज्वालकेतू छातीत बाण घेऊन भाषण करतो, पण त्याच्या पायाला कधी फोड आला नाही, की त्याला कधी कुणाची माफी मागावी लागली नाही. मला शरम वाटली. (पुढे जी वाटायची होती तिच्या मानाने ही काहीच नव्हती.)

मग मी सैन्यांच्या रसदीवर मिळेल ते वाचलं. तीन भाग युद्ध थांबवून धान्याच्या गाड्या लिहिल्या, मुक्कामाच्या जागा लिहिल्या, चुली पेटवल्या. कंपनीत आमचं लेखन पाहणाऱ्या तहसीनबाई आहेत, फार सभ्य बाई. त्यांचा फोन आला. भात शिजायला लागला की लोक ऐकणं बंद करतात आणि तलवार निघाली की परत येतात, हे त्यांनी मला हळुवारपणे सांगितलं. मी कोठारांवर वीज पाडली आणि सैन्य पुन्हा उपाशीपोटी लढू लागलं. पण शिकलेलं अंगात तसंच राहिलं होतं, आणि ते कुठे वापरावं हे कळत नव्हतं. तेवढ्यात निशाचं लग्न ठरलं आणि मामा म्हणून जेवणाची व्यवस्था तू माझ्याकडे दिलीस. (मी बाकी कामांत लुडबुड करू नये म्हणून दिलीस, हे नंतर लक्षात आलं.)

माझा विचार असा होता. वरात सावली गावाकडून येणार, नदी ओलांडून, उन्हातून. दमलेलं सैन्य कुठलाही जाणता सेनापती थेट मैदानात उतरवत नाही, आधी नदीकाठी जेवू घालतो. म्हणून वरातीची एक पंगत वैनगंगेवर मार्कंड्याला उठवायची, आणि मग तृप्त पाहुणे चामोर्शीच्या मांडवात आणायचे. तुम्हाला अचानक कळेल आणि सगळे म्हणतील, मामा असावा तर असा. मी आदल्या दिवशी जागा पाहून आलो. पाणी पाहिलं, सावली पाहिली, चाऱ्याचीसुद्धा सोय पाहिली. वरात बसने येणार होती.

ती हरणघाटच्या पुलावरून सरळ येईल, हे मला सुचलं नाही. आपल्या बौद्धांची वरात महादेवाच्या देवळापाशी कशाला वळेल, हेही सुचलं नाही. वरपक्षाला कळवायचं तर राहूनच गेलं, कारण सेनापती आपला बेत कुणाला सांगत नाही. हे तीन मुद्दे मी आता ओळीने लिहू शकतो. त्या दिवशी यातला एकही माझ्या डोक्यात नव्हता.

सुकलूनं मात्र विचारलं होतं. तो माझा श्रोता आहे, मोबाइल कांद्यांच्या टोपलीत ठेवून ज्वालकेतू ऐकतो. अर्धा भात आणि अर्धी भाजी ट्रॅक्टरवर चढवा म्हटल्यावर तो डोकं खाजवत म्हणाला, “भाऊ, मांडव इथी आन् भात तिथी, हे मले बरोबर वाटून नाई राह्यलं. पन लढाया तुमी लढल्या हाय.” आणि त्यानं भाता-भाजीचे गंज, ती मोठाली पातेली, उचलून दिले. दुसऱ्या कुणाचं त्यानं ऐकलं नसतं. ट्रॅक्टरवाल्या झाडूला मी बजावलं की ही गोष्ट गुप्त आहे, आणि तो बिचारा आजपर्यंत ती गुप्त ठेवून आहे.

वरात आली, विधी झाला, पंगती बसल्या आणि गंजाचा तळ दिसू लागला. मी स्कूटर काढली आणि भात परत आणायला मार्कंड्याला गेलो. सोमवार होता, देवळात गर्दी होती. झाडू ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून उभा होता. म्हणाला, “भाऊ, गंज पाहून लोकं पंगत धरून बसले. उठा म्हनू का त्याह्यले, देवाच्या दारात?” शेवटची पंगत चालू होती. एका म्हाताऱ्यानं माझा हात धरला. कुण्या मोठ्या मनाच्या माणसानं जेवू घातलंय, अन्नाला नाही म्हणू नका, असं म्हणून शेजारी जागा करून दिली. ताई, मी बसलो. तुझे व्याही मांडवात रिकाम्या पत्रावळीपुढे बसले होते आणि मी निशाच्या लग्नाचा भात नदीकाठी बसून खाल्ला. भाजी फार चांगली झाली होती. मी दुसऱ्यांदा घेतली.

परत आलो तर भाऊजींनी बाजारातून मुरमुरे आणवून पाहुण्यांना वाटले होते आणि ते सुकलूला बोलत होते. वीस वर्षांचा विश्वास, घरचा माणूस, आणि पोरीच्या लग्नात तांदूळ विकला. सगळा मांडव ऐकत होता. सुकलूनं झारा खाली ठेवला, हात पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. घाबरून नव्हे. पुढे काय होणार हे ठाऊक असलेला माणूस पाहतो तसं पाहिलं. त्यानं असे प्रसंग माझ्याच मालिकेत ऐकलेत. राजा निरपराध माणसावर गरजतो, दरबार गप्प होतो आणि ज्वालकेतू पुढे येतो. मी असा प्रसंग चहा गार व्हायच्या आत लिहितो.

मी पाण्याचा जग उचलला आणि पाणी वाढत मांडवाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. मला ढेकर येत होती, ती दाबत होतो.

संध्याकाळी सुकलू सामान बांधत होता. मी उगाच एक झाकण त्याच्याकडे सरकवलं. तो म्हणाला, “भाऊ, ज्वालकेतू असता तं बोलला असता ना?” टोमणा नव्हता, ताई. त्याला खरंच विचारायचं होतं. मी म्हणालो, बहुतेक. आणि घरी आलो.

लहानांना गोड पापा. भाऊजींना काय सांगावं ते सुचत नाही, तेव्हा त्यांना नुसता जयभीम.

तुझा,
प्रफुल

ता. क. – मुख्य काम राहिलं. रविवारी विहारात वंदनेनंतर सगळे थांबतात, भाऊजी असतात, पिंकीचे वडीलही असतात. त्या वेळी यातला जरुरीपुरता भाग तू वाचून दाखव. दुसऱ्यांदा भाजी घेतल्याचं गाळलं तरी चालेल. मला ताप आहे असं सांग. (ताप नाही.)

ता. क. दुसरा, शुक्रवार – पत्र अजून टाकलेलं नाही. मधल्या काळात सुकलूसाठी म्हणून मी एक भाग लिहिला. छावणीतल्या आचाऱ्यावर आळ येतो, आणि ज्वालकेतू भर दरबारात मान खाली घालून सांगतो की रसद मी चुकीच्या घाटावर पाठवली. तहसीनबाईंनी भाग परत केला. त्या म्हणतात, सात बाण लागूनही तो लढतो हे श्रोत्यांना पटतं, पण एका आचाऱ्यासाठी एवढा मोठा वीर चारचौघांत चूक कबूल करेल हे कुणालाही पटणार नाही. मी वाद घालणार होतो, पण माझ्याकडे दाखवायला उदाहरण नव्हतं.

ता. क. तिसरा, रविवार, सकाळची एसटी – आधीच्या ता. क.मधलं तापाचं रद्द समज. हे पत्र पोस्टानं येत नाहीये. तू ते आत वाचते आहेस आणि मी तुझ्या ओट्यावर बसलो आहे. चहा विचारू नकोस, जेवायलाही नको, आधी सुकलूच्या घरी जायचं आहे आणि तिथून त्याला घेऊन विहारात. तू सोबत चल, पण बोलू नकोस, मी बोलेन. फक्त, परतीची एसटी लगेचच असते, म्हणून बाहेर येण्याआधी एक कर. दाराशी माझ्या चपला आहेत, त्या आत नेऊन ठेव.